अक्कांचा जबाब

अनुजा, निखिल, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, 'अक्काआजीवर पोलीस केस होती, हे खरं का?' मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्हाला कुणाकडून तरी अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळलेलं बरं. इथल्याही बऱ्याच जणांना अर्धंच माहीत आहे, म्हणून हे इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठीही देते आहे.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण. माहेर सोनगीर, सासर असोदा. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. फोडणी पूर्ण केली, गॅस बंद केला आणि आजोबांना सांगितलं. रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, अक्का बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला धुळ्याला माझ्याकडे आल्या होत्या. माझ्या हाताचे बिबडे म्हणजे चपलेचे तळ, असं त्यांचं मत होतं, म्हणून ज्वारी भिजवण्यापासून सगळं त्यांच्या हाती. त्या गच्चीवर लुगडं पसरून बिबडे थापत होत्या, त्याच वेळी त्यांचा मुलगा प्रकाश केळीची गाडी रिकामी करून परतत होता. सोनगीरजवळ हायवेवर त्याच्या गाडीने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं. प्रकाश थांबला नाही. तो माणूस रस्त्यावर पडून राहिला आणि दवाखान्यात नेताना गेला. प्रकाश असोद्याला घरी आला. त्याच्या बायकोने, वंदनाने, त्याला ठिबक सिंचनाच्या नळ्या ठेवतात त्या मागच्या खोलीत लपवलं. आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं.

बिबडे वाळायला ठेवून अक्का घरी परतल्या तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी त्याला पान वाढलं आणि म्हणाल्या, जेव, मग ठाण्यावर जाऊ. तो जेवत असतानाच पोलीस आले. याला घरात कुणी ठेवलं, असं साहेबांनी विचारलं. वंदना दारात उभी होती, कडेवर मुलगी. ती तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाल्या, "मी ठेवला." जबाबातही तेच लिहून दिलं.

नंतर वकिलांनी डोक्याला हात लावला. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हाच, पण बायकोने नवऱ्याला दिला तर त्या कलमात सूट आहे. आईला ती नाही. मी स्वतः ते कलम इंग्रजीतून वाचलं. म्हणजे जिला वाचवायला अक्का पुढे झाल्या, तिला कायद्याने काही होणारच नव्हतं, आणि अक्कांना मात्र तुरुंग होऊ शकत होता. मी म्हटलं, अक्का, तुम्ही माझ्याकडे होतात, मी कोर्टात सांगते. त्यांनी मला गप्प केलं.

"कायदा तिले सोडी, मालती. त्या गडीनी बाई सोडी का?" त्या गडीनी बाई म्हणजे त्या मेलेल्या माणसाची बायको. मग पदराला हात पुसत, "घर कोनं शे? मनं. मंग बठ्ठं मनंच."

घर त्यांचं म्हणून सगळं त्यांचंच, हे मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. वंदनाचं ओझं उचलून अक्कांनी तिला हलकं केलं की आयुष्यभरासाठी मिंधं केलं, हे मला ठरवता येत नाही. आणि प्रकाश? त्याचा जामीन झाला, केस चालू आहे. तो आता गाडी चालवत नाही. त्याच्याशी अक्का गरजेपुरतंच बोलत. वकिलांना मात्र त्या दर वेळी एकच विचारत, तो माणूस रस्त्यावर किती वेळ पडून होता? स्वतःला शिक्षा किती होईल, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तारखेला त्या बसने धुळ्याला येत. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या माणसाची बायकोही असे. ती उभी असली की अक्का बसत नसत. गुडघे दुखत, मी बाक दाखवी, त्या मान हलवत. दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

निकालाआधीच अक्का गेल्या. वकिलांनी सांगितलं, त्यांच्यापुरती केस संपली... माझ्यापुरती संपल्यासारखी वाटत नाही. तेराव्याला असोद्याला गेले होते. वंदना भांडी घासत होती. मी म्हटलं, पोरं विचारतील, मी काय सांगू? तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मामी, जे झालं ते लिहा. माझं नाव घालून लिहा. त्या बाईंकडेही मी जाऊन येणार आहे."

गेल्या आठवड्यात ती त्या माणसाच्या बायकोकडे गेली होती. काय झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यातले थोडे बिबडे माझ्याकडे डब्यात शिल्लक आहेत. ओल्या हाताने थापलेले असल्यामुळे त्यांवर अक्कांच्या बोटांच्या खुणा दिसतात. त्या दिवशी त्या माझ्या गच्चीवर होत्या, असोद्याला नव्हत्या, याचा तेवढाच पुरावा उरला आहे.