पाण्याचं गाव सांगायचं नाही

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही नांदेडच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचं एम.एस्सी. करत होतो. तेव्हाचे किस्से अजून संपत नाहीत. लग्नात, एसटी स्टँडवर, कुठंही आमच्यातल्या दोघी भेटल्या की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. ऐकणारे हसतात. मी अजून चिडते.

प्रोजेक्ट म्हणजे एखाद्या जिवाणूचा नाहीतर विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय अक्षरं, कॉम्प्युटरवर तपासायची आणि सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं. लॅबच्या नळाला पाणी नव्हतं. त्यामुळे बहुतेक जण नेटवरून तयार जीनोम उतरवून घेत. देगलूरच्या बालाजीनं डेंग्यूचा घेतला. स्लाइडवर देश ब्राझील.

लातूरहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सॅम्पल ब्राझीलहून कसं आणलंत?"

बालाजी सरळ माणूस. "सर, मी अजून नांदेडच्या पुढं गेलो न्हाई."

"मग आपल्याकडचा डेंग्यू का नाही घेतला?"

"आपल्याकडचा नेटवर न्हाई सर."

त्याला चांगले मार्क मिळाले. दर पावसाळ्यात आमच्याकडची माणसं तापानं फणफणतात, आणि त्या तापाचं एक अक्षर कुणी कुठं नोंदवलेलं नाही. परीक्षकांनी लगेच पुढचा नंबर पुकारला.

*

सीनियरची फाइल घ्यायची आणि जिवाणूचं नाव तेवढं बदलायचं, ही सर्रास पद्धत. वर्गातल्या एका मुलानं तेच केलं. शेवटी मोठ्या आवाजात आभार वाचले. गाइडचे, आईवडिलांचे, "आणि घर सांभाळून मला साथ देणाऱ्या माझ्या पतींचे."

हॉल हसून लोळला. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही हेड सर म्हणायचो, ते मात्र भडकले.

"गाढवा, शेवटची स्लाइड वाचायची असते का?"

म्हणजे चोरी चालेल. वाचायची नाही.

*

कंधारची प्रज्ञा माझी रूममेट. तिनं काहीच उतरवून घेतलं नाही. तिला आमच्या होस्टेलच्या टाकीतलं पाणी तपासायचं होतं, कारण निम्म्या मुली पोट धरून पडल्या होत्या. टँकर टाकीत रिकामा व्हायचा, आणि ती टाकी धुताना कुणी कधी पाहिली नव्हती. रेक्टर मॅडमना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "आधी पाणीपुरी बंद करा."

"तोंडी सांगून न्हाई ऐकत ह्या," प्रज्ञा जिना उतरता उतरता म्हणाली. "स्टेजवर दाखवते. मग टाकी धुवावीच लागंल."

तिनं टाकीच्या पाण्यातून जिवाणू वाढवला. तिच्या गाइड मॅडमनी ओळखीनं हैदराबादच्या एका लॅबमधून त्याचा जीनोम वाचून आणला. निघाला ई. कोलाय, मैल्याबरोबर पाण्यात येणारा. वर त्याच्यात अँटिबायोटिक निकामी करणारी जनुकं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी मुलींना उतार का पडत नव्हता, ते आम्हाला तेव्हा कळलं.

हेड सरांनी निष्कर्षाला हात लावला नाही. शीर्षकाला लावला. 'होस्टेलची टाकी' खोडून 'कॉलेज परिसर' केलं. मग कॉलेज खोडून नांदेड. मग जिल्ह्याची बदनामी नको म्हणून मराठवाडा. शेवटी लिहिलं, 'उष्ण कटिबंधातील एक ठिकाण'.

"सर, त्याच्यात आफ्रिका बी येते," प्रज्ञा म्हणाली.

"म्हणूनच लिहिलं."

गाव बोललीस तर प्रेझेंटेशन रद्द, हेही सांगितलं.

*

निवडक प्रोजेक्टची कॉलेजात स्पर्धा व्हायची. तिच्या रंगीत तालमीच्या दिवशी प्रज्ञा दुसऱ्या स्लाइडवर होती, तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. टाकीत पडायच्या आधी पाणी धरायचं असा आमचा नियम झाला होता. मुलींच्या रांगा बघता बघता रिकाम्या. बादल्या बाकांखालीच ठेवलेल्या असायच्या.

हेड सर ओरडले, "काय करून राहिल्या ह्या पोरी? तिकडं सायन्स चाललंय अन् ह्या चालल्या पाण्याला!"

प्रज्ञानं पॉइंटर टेबलावर ठेवला. "सर, सॅम्पल आलंय. घेऊन येते."

*

स्पर्धेच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. त्या दिवसांत त्यांच्या तालुक्याचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून चौकाचौकात बॅनर लागले होते, आणि प्रत्येक बॅनरवर साहेबांचा फोटो होता. प्यायला पाणी नव्हतं, पण कलेक्टर ऑफिस कुठं बांधायचं यावर सभा होत होत्या.

दाराजवळ प्रज्ञाचं पोस्टर होतं. त्यावर जीनोमचा नकाशा. जिवाणूचा जीनोम गोल असतो, म्हणून नकाशाही गोल, रंगीत पट्ट्यांचा, मधे मोकळा. साहेब बराच वेळ त्याच्यापुढं उभे राहिले.

"नवीन जिल्ह्याचा नकाशा केला व्हय? लई भारी. आपला तालुका कुठं घेतलाय?"

प्रज्ञानं तोंड उघडलं, पण हेड सर आधी बोलले.

"मधोमध, साहेब."

*

त्याच दुपारी तिचं प्रेझेंटेशन झालं. जनुकं, औषधं, आजारी पडणाऱ्या मुली, सगळं तिनं सांगितलं. गाव तेवढं सोडून. परीक्षकांनी विचारलं, "हे पाणी नेमकं कुठलं?"

हेड सर पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर आले.

"सर, उष्ण कटिबंधातलं एक ठिकाण हाय," प्रज्ञा म्हणाली. मागून आम्ही सगळ्या खो खो हसलो. परीक्षकांना वाटलं, मुली टारगट आहेत.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. अध्यक्ष माइकवर आले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

"असलं पाणी पिणाऱ्या लेकरांची कीव येते हो. आपल्या संस्थेत असलं काही न्हाई, हे आपलं नशीब. ह्या लेकीला मी शब्द देतो, पुढचं सबंध वर्ष आपल्या होस्टेलात हिचं राहणं, खाणं, पिणं फुकट!"

टाळ्या थांबेनात. हेड सरांनी प्रज्ञाच्या हातात माइक दिला आणि हळूच म्हणाले, "दोन शब्द आभाराचे बोल."

प्रज्ञानं साहेबांना नमस्कार केला.

"साहेब, राहते. खाते बी. पिणं तेवढं राहू द्या."