तिने पुसलेली खूण

माझ्या मैत्रिणीचे बाबा सरकारी नोकरी सोडून विदेशी कंपनीत गेले, तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, ती खालच्या. दोघींचे बाबा एकाच मंत्रालयात, दोघींचा शाळेच्या बसचा थांबा एक, आणि क्लबमध्ये टेनिस शिकवणारे सरही एकच. तोवर तिचा हेवा करायला मला काही कारणच नव्हतं. मग ते लोक नोएडाला राहायला गेले, दारात गाडी आली, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत पुरतं थांबलेलं नाही.

"प्रायव्हेट नोकरीचं काय खरं? आज आहे, उद्या नाही," असं माझे बाबा म्हणायचे. तो उद्या कधी उजाडतोय याची मी मनापासून वाट बघत होते. आई हसून म्हणायची, "कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही गं." मरायचं सोडाच, गाय दर दिवाळीला आणखी गुटगुटीत दिसायची. आधी वॉशिंग मशीन, मग व्हीसीआर, मग सुट्टीत सिंगापूर.

सगळ्यात राग यायचा तो तिच्या चांगुलपणाचा. ती जरा शिष्ट झाली असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण तिला परदेशातून नवी रॅकेट आली की जुनी माझ्याकडे. तिला स्वेटर आखूड झाला की तोही माझ्याकडे. "घे ना यार, घरी पडूनच आहे," असं म्हणून ती पिशवी हातात कोंबायची. आमच्या क्वार्टरजवळच्या बाजारात अख्खी दिल्ली स्वस्त कपडे घ्यायला यायची, आणि मी मात्र तिचे वापरलेले घालून हिंडायचे. रॅकेट चांगली होती, हे नाकारता येत नव्हतं. तिच्याच जुन्या रॅकेटने तिला हरवायचं, एवढं एकच स्वप्न तेव्हा मला पडत असे.

त्या हिवाळ्यात दिल्लीत बायकांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली. मातीच्या कोर्टांवरची, बक्षिसाच्या पैशांची, व्यवसाय म्हणून खेळणाऱ्या मुलींची. परदेशातून कुणी आलं की दिल्लीला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. क्लबच्या भिंतींना रंग लागला, कॅन्टीनमध्ये समोशांशेजारी चीज सँडविच दिसू लागलं, कोर्टाभोवती कोल्ड्रिंकचे फलक उभे राहिले. भर धुक्यात माळी माती भिजवून रोलर फिरवायचा आणि चुन्याच्या रेषा नव्याने आखायचा.

पात्रता फेरीत एक जागा आमच्या क्लबच्या मुलीसाठी ठेवली होती. सर म्हणाले, तुम्ही दोघी खेळा, जिंकेल ती जाईल. तिच्यासाठी ती गंमत होती, कारण बारावीनंतर तिचं अमेरिकेला जायचं ठरलेलंच होतं. माझं मात्र सगळं तिथेच अडलं होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट मिळालं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून चांगल्या कॉलेजात शिरता आलं असतं. नुसत्या मार्कांवर मला तिथल्या शिपायानेही आत सोडलं नसतं. शिवाय बाबांनी बजावलं होतं, "या थंडीत काही झालं तर ठीक, नाहीतर रॅकेट माळ्यावर."

आमच्या मॅचला अंपायर नव्हता. अशा वेळी आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निर्णय आपणच द्यायचा असतो. मातीवर बॉलची खूण उमटते, त्यामुळे समोरचीला शंका आली तर ती येऊन खूण बघू शकते. बॉल आत होता हे मान्य केलं की बुटाने ती खूण पुसायची. मग विषय संपला.

तिसऱ्या सेटपर्यंत ती दमली होती, आणि मला रागच पुढे ढकलत होता. माझ्या मॅच पॉइंटला मी सगळा जोर लावून मारलेला बॉल तिच्या मागच्या रेषेपाशी पडला. तिचं बोट वर गेलं. बोट वर म्हणजे बाहेर. मी खूण बघायला जाळीकडे धावत सुटले. मी पोचायच्या आत तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बोट खाली घेतलं. "आत आहे यार. बिल्कुल आत," म्हणाली आणि बुटाने माती सारखी केली.

"दाखव ना," मी म्हटलं.

"काय दाखवू? जिंकलीस तू, पागल!" तिने मला मिठीच मारली.

घरी आईने शिरा केला. मी तो चमच्याने नुसता चिवडत बसले. बॉल खरंच आत होता, की तिने तो मला स्वेटरसारखा देऊन टाकला? आत असेल तर ती खरी, बाहेर असेल तर उदार. दोन्हीकडून मोठी तीच. तिच्या जागी मी असते तर बोट खाली घेतलं नसतं, याची मला खात्री होती, आणि तेच जास्त खुपत होतं.

पात्रता फेरीत युरोपातल्या एका मुलीने माझा तासाभरात फडशा पाडला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आमच्या बाजारात टी-शर्टांसाठी घासाघीस करताना दिसली. मॅचच्या वेळी मैत्रीण आपल्या आईबरोबर पहिल्या रांगेत बसून माझ्या प्रत्येक पॉइंटला टाळ्या वाजवत होती. सर्टिफिकेट मिळालं. त्यावर कॉलेज मिळालं, पुढे खेळाडूंच्याच कोट्यातून नोकरी, आणि नोकरीत नवरा.

मध्ये बरीच वर्षं गेली. ती अमेरिकेहून परतून गुडगावला राहायला आली आणि तिने मला हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्या बायका गेल्यावर मी विचारलंच, "तो बॉल खरंच आत होता का गं?"

"कुठला बॉल?"

मी सगळं सांगितलं. तिसरा सेट, वर गेलेलं बोट, पुसलेली खूण. ती आठवायचा प्रयत्न करत होती, अगदी प्रामाणिकपणे. मग हसून म्हणाली, "अगं, एवढ्या मॅच खेळलो आपण, कुठली कुठली लक्षात राहणार? जिंकली होतीस ना तू? फिर क्या?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं कॉलेज, नोकरी, संसार ज्या पॉइंटवर उभा आहे, तो तिच्या गावीही नव्हता. इतक्या निवांतपणे विसरता येतं, याचाही मला हेवा वाटला.

निघताना तिने एक मोठी पिशवी पुढे केली. तिच्या मुलीचे कपडे होते, जवळजवळ नवे. "घे ना यार, घरी पडूनच आहेत."

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण पिशवी घेतली आणि मेट्रोने घरी आले. माझ्या मुलीने आरशासमोर एकेक घालून पाहिला. सगळे तिला बेतून शिवल्यासारखे बसले.