उलट्या बाजूची खाच

कुठलीही वस्तू हातात दिली, की मामा आधी ती उलटी करून बघायचे. माप तपासायचा नवा गेज असो, बिस्किटाचा पुडा असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेची मागची कोरी बाजू डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "म्होरली बाजू लोकांला दावायची आसती. खरं काय ते मागच्या अंगाला आसतंय."

कुपवाडच्या एमआयडीसीत आम्ही नोकरी करायचो तो लहानसा कारखाना होता. मोटारसायकलींची चेनस्प्रॉकेटं आम्ही वर्षानुवर्षं बनवत आलो होतो. मग बेल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारसायकली रस्त्यावर दिसायला लागल्या, आणि त्यांच्या मागच्या चाकाला लागणारी दातेरी पुली आम्ही सुरू केली. कंपनीची पुली मागवली की महिना-दीड महिना वाट बघायला लागायची, आमची मिरजेच्या दुकानात लगेच मिळायची. दाते पाडायचं मशीन मामांकडे होतं आणि माल तपासायचं काम माझ्याकडे.

मामा, म्हणजे अख्ख्या कारखान्याचे मामा, माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. घराणं मेंढपाळांचं. ऐन उमेदीची वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात गेली. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचे, आठवडाभर कुपवाडात खोलीवर राहायचे आणि शनिवारी दुपारी कापडी पिशवी खांद्याला लावून परत गावाकडे. ते कुणावर विश्वास ठेवत नसत. कँटीनच्या चहात दूध आहे की पावडर, इथपासून त्यांच्या शंका सुरू व्हायच्या. एखादा म्हणाला, "मामा, मटेरियल एक नंबर आलंय," की उत्तर ठरलेलं, "आसंल. पर तू बघितलंस का?"

तुम्हीही असा माणूस कुठंतरी पाहिला असेल. सुरुवातीला गंमत वाटते, मग कंटाळा येतो, आणि कधीतरी वाटायला लागतं, की जो सगळ्यांवर इतका संशय घेतो, त्यालाच काही लपवायचं नसेल ना?

मला तसं वाटलं. त्याला कारणही होतं.

पुलीचे दाते बारीक झाले असतील, किंवा वरचं कडक कोटिंग पातळ बसलं असेल, तर तो नग मी बाद करायची. असा नग माणच्या फुफाट्यात टिकत नाही. बेल्टात धूळ शिरते, कोटिंग खरवडून निघतं, आतलं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं ते झिजतं आणि एक दिवस बेल्ट दाते सोडून सरकतो. बाद नगाच्या उलट्या बाजूला मी कानशीनं एक खाच पाडायची आणि तो मागच्या पिंपात टाकायची. चांगल्या नगावर माझ्या खुणेचा पंच ठोकून शिक्का उठवायची. तो पंच माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की पिंप भरायला पाहिजे तेवढं भरत नाही. भंगारवाला तर आलेला नव्हता. आणि मामा मधल्या सुट्टीत त्या पिंपापाशी घोटाळताना दिसायचे. एकदा मी पाहिलं, तर एक बाद नग हातात घेऊन अंगठ्याच्या नखानं खाच चाचपत होते. मला बघून त्यांनी तो परत टाकला.

"काय मामा?"

"काय न्हाई. बघत हुतो."

"काय बघत होता?"

"तुमची खाच," म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मलाच कसंतरी झालं. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं.

शनिवारी त्यांची पिशवी जड दिसली. मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, की बाद माल कमी होतोय. मामांचं नावही मी घेतलं नव्हतं. पण मालक लगेच म्हणाले, "मामाची पिशवी बघा." इतक्या लगेच त्यांना ते नाव कसं सुचलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. माझ्याच मनातलं ते बोलले म्हणून मला उलट बरंच वाटलं.

गेटवर पन्नासेक माणसं घरी जायला निघालेली. वॉचमननं पिशवी उघडायला सांगितली. मामांनी कुरबूर केली नाही. टॉवेल, डबा, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन पुल्या.

"बघा!" मालक म्हणाले. "इतकी वर्षं मीठ खाल्लं ना इथलं?"

मामा मालकांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "ताई, उलट्या करा त्या."

मी पहिली उचलली. तिचे दाते झिजून टोकदार झाले होते. ती कुठल्यातरी गाडीवर हजारो किलोमीटर फिरलेली होती, हे कुणालाही कळलं असतं. बाकीच्या दोन नव्या. तिन्हींच्या पुढच्या बाजूला माझा पंच. उलट्या केल्या, तर तिन्हींवर एकाच जागी काळ्या रंगाचा जाड ठिपका. मामांनी एकीचा रंग नखानं खरवडला. आत पुट्टीसारखी लांबी भरलेली, आणि लांबीखाली खाच. माझ्या हातची खाच.

"मिरजंच्या दुकानातनं इकत घेतल्यात. बिल डब्याखाली हाय," मामा म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाद केल्याची खाच माझी आणि पास केल्याचा पंचही माझाच. दोन मिनिटांपूर्वी मी ज्या नजरेनं मामांकडे बघत होते, तीच नजर आता पन्नास माणसांची माझ्यावर होती. मालकांनी काहीतरी "जुनी गडबड असेल, बघू" असं म्हणून गेट मोकळं केलं.

समोरच्या टपरीवर मामा चहा घेत बसले. त्यांची एसटी चुकली होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"मामा, तो पंच मी मारलेला नाही."

"आसंल."

"तुम्ही माझ्यावर संशय घेत होता?"

"दोन म्हैनं." त्यांनी कप खाली ठेवला. "आन तुमी माज्यावर. फिटलं की."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी गावाकडे आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, वाड्या-वस्त्यांवर त्या बेल्टच्या गाडीवर जाते. तिची मूळची पुली झिजली, तेव्हा मामांनी हौसेनं आपल्या कारखान्याची मिरजेतून विकत आणून बसवली. "म्हटलं, बापानं पाडल्यालं दातं हायत. काय हुतंय त्याला?" मोगराळ्याच्या घाटात चढावर बेल्ट सरकला. गाडी जागेवर अडखळली, मागून ट्रक होता, तो कसाबसा थांबला. पोरीचं डावं मनगट मोडलं. मामांनी पुली काढली, उलटी केली आणि तिथून पुढं त्यांना झोप लागेना.

"म्या माजा हातबी तपासला," ते म्हणाले. "मशीनवर म्याच चुकलो का, ते आदी बघितलं. मग तुमाला धरलं."

मी संशय घेताना स्वतःपासून सुरुवात केली नव्हती.

सोमवारी आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं. त्या दिवशी बाद केलेल्या दहा नगांच्या मधल्या भोकात, आतून, मी बारीक ओरखडा काढला. तो मला आणि मामांनाच माहीत. गुरुवारी पाठवणीसाठी बांधलेली खोकी मी फोडली. दहापैकी सहा त्यात होते. खाच भरलेली, रंग दिलेला, माझा पंच मारलेला. माझ्या ड्रॉवरची दुसरी किल्ली मालकांकडे असते, हे मी इतकी वर्षं विसरूनच गेले होते.

आम्ही केबिनमध्ये गेलो. मालकांनी नाकारलं नाही. उलट समजूत घालायला लागले. "ताई, आपण काय विमानाचे पार्ट बनवतोय का? चार महिने चालतं, मग गिऱ्हाईक परत येतं. सगळेच करतात."

"परत येतंय," मामा म्हणाले. "आवं, पर आलंच न्हाई तर?"

मालक फोनकडे वळले. बोलणं त्यांच्या बाजूनं संपलं होतं.

मामा बाहेर आले ते थेट पिंपाकडे. ते आडवं करून त्यांनी गडगडत कटिंग मशीनपाशी नेलं आणि एकेक बाद पुली पात्याखाली धरून उभी चिरायला सुरुवात केली. दोन तुकडे, की बाजूला. पुढची. मालक धावत आले, ओरडले, वीज बंद करा म्हणाले. बोर्डापाशी उभा असलेला वायरमन पान चघळत दुसरीकडेच बघत राहिला. मी पिंपातून नग काढून मामांच्या हातात द्यायला लागले. आणखी तिघं-चौघं आले. जेवणाच्या भोंग्यापर्यंत पिंप रिकामं झालं. मी खोक्यांतला रंग फासलेला मालही तिथंच आणून दिला.

मामांनी हात पुसले, अ‍ॅप्रन काढून मशीनवर ठेवला. त्या दिवसानंतर आम्हा दोघांनाही गेटच्या आत घेतलं नाही.

मिरजेच्या दुकानदाराला मी फोन करून सगळं सांगितलं. उरलेला माल त्यानं परत पाठवला. जो आधीच विकला गेला होता, तो कुणाच्या गाडीला लागला, हे कुणालाच सांगता आलं नाही. मला दुसरी नोकरी मिळाली. पण आजही सिग्नलला पुढे बेल्टवाली गाडी थांबली, की माझी नजर आधी तिच्या मागच्या चाकाकडे जाते. पुली दिसते, तिची आतली बाजू दिसत नाही. चालवणारा निघून जातो.

मामांना त्यानंतर मी भेटले नाही. फोनवर दोनदा बोललो. दुसऱ्यांदा म्हणाले, "शेरडं घेतल्यात चार. लय ब्येस चाललंय." त्यांच्या आवाजात धाप होती. मी विचारलं नाही.

ते गेल्याचं मला दोन आठवड्यांनी कळलं. रविवारी दहिवडीला उतरून विचारत विचारत घरी गेले. मुलगी ओसरीवर होती. तिचं डावं मनगट अजून थोडं वाकडं दिसत होतं. पाणी देऊन तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"कुपवाडची. तुमच्या वडिलांबरोबर होते कारखान्यात." मग राहवलं नाही, म्हणून म्हणाले, "गेटवर त्यांची पिशवी उघडायला लावली होती ना, ती मी."

"कसली पिशवी?"

"त्यांनी सांगितलं नाही?"

"काम सोडलं, एवढंच म्हणाले. पिशवीचं काय न्हाई बोलले कधी. आईला पण न्हाई."

आतून तिची आई बाहेर आली आणि दाराशी टेकून बसली. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.