काकूंचा 'साभार परत' फोल्डर

मालतीकाकूंनी माझे सात लेख नाकारले.

आज सकाळी त्या गेल्या.

सातही लेख त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून आहेत. ज्या फोल्डरला मी कायम नावं ठेवली, त्याच फोल्डरमध्ये.

ओळख नसलेल्यांसाठी: काकू अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या, आमच्या दिवाळी अंकाच्या संपादक. मी अमेरिकेतच, पण दूर इकडे कॅरी गावात, विनोद पुरवणारा. अंकाची मांडणी डब्लिनचा समीर करायचा. तिघांच्या मशीनवर एकच शेअर्ड फोल्डर. एकाने काही टाकलं की उरलेल्या दोघांकडे आपोआप उतरायचं.

आणि काकू टाकायच्या! हस्तलिखितं अशी स्कॅन करायच्या की कागदावरचा तेलाचा डागसुद्धा स्वच्छ दिसावा. नाकारलेलंही ठेवायच्या. त्यासाठी 'साभार परत' नावाचा वेगळा फोल्डर.

माझा लॅपटॉप चाळीस जीबीचा.

"काकू, नाकारलेलं कोण जपतं हो?"

"नाकारलंय, विनय. फेकलेलं नाही."

"पण माझी डिस्क भरली!"

"मग तुझे लेख काढ. ते मी वाचलेत."

मागच्या वर्षी एका शनिवारी मुलीच्या डान्स रिसायटलचा व्हिडिओ कॉपी करायला जागा उरली नाही. मी शांतपणे 'साभार परत' डिलीट केला. वर रिसायकल बिनही रिकामी केली. म्हटलं, माझ्याच लॅपटॉपवरून तर काढतोय.

जे आपोआप उतरतं ते आपोआप उडतंही, हे मला सुचलं नाही. आयटीत सोळा वर्षं काढलेल्या मला.

रविवारी सकाळी समीरचा फोन.

"दादा, तू फोल्डरमधून काही डिलीट केलंस का?"

"हो, जागा केली यार."



"त्यात अण्णांची वही होती."

अण्णा म्हणजे समीरचे वडील. सहा महिने त्याच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी आपल्या मास्तरकीबद्दल एक वही भरून लिहिलं. काकूंनी ते अंकासाठी नाकारलं, स्कॅन मात्र पानन्‌पान केलं. पुढे अण्णा गेले. घर बदलताना वही हरवली. तरी समीर निर्धास्त होता, फोल्डरमध्ये आहे ना!

आता नव्हती. माझ्याकडून गेली, त्याच्याकडूनही गेली.

राहिल्या काकू.

काकूंच्या ज्या सवयीला आम्ही दोघं मनसोक्त हसायचो, ती अशी: काम झालं की मशीन बंद, इंटरनेटची वायर काढून गुंडाळलेली, वर स्वतः शिवलेलं कापडी कव्हर.

"काकू, सिंक व्हायला मशीन चालू ठेवावं लागतं."

"घरात कोणी नसताना तू पंखा चालू ठेवतोस का?"

मी लगेच काकूंना फोन लावला.

"काकू, मशीन लावलंत?"

"चहा झाला की लावणारच होते. कव्हर काढलंय."

"हात लावू नका!"

"का रे, बॉम्ब आहे?"

मी सगळं सांगितलं: मशीन इंटरनेटला जोडलं की त्यांच्याकडचंही उडेल. त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग म्हणाल्या, "वायर न जोडता सुरू केलं तर?"

आयटीतला मी. प्रश्न त्यांना सुचला.

आठवड्याने समीरच्या घरी सीडींचं पार्सल पोचलं. त्याने फोन केला. म्हणाला, "दादा, अकराव्या पानावर तेलाचा डाग आहे. अण्णा भजी खात लिहायचे."

मला एकच सीडी आली. माझे सात लेख. सोबत काकूंच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी: "जागा लागली तर आधी हे."

समीरकडच्या सीडी मागवून मी 'साभार परत' पुन्हा लॅपटॉपवर घेतला. अख्खा. डान्सचा व्हिडिओ सीडीवर गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, seriously?"

हो, सीरियसली.

आत्ता हे लिहितानाही स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना येतेय. डिस्क भरत आली आहे म्हणे.

येऊ दे.

काकू, तुम्ही ज्यांना ज्यांना नाही म्हणालात, ते सगळे माझ्याकडे सुखरूप आहेत. माझे सात धरून.

शेवटचा नमस्कार.