कुलूप लावलेली नऊ घरं

नवव्या घरालाही कुलूप. मी यादीत खूण केली आणि साहेबांना फोन लावला.

"सर, वीसपैकी नऊ घरं बंद. सगळे ऊसतोडीला गेलेत."

"मग शेजारचं उघडं घर घ्या ना मॅडम. वीसचा आकडा भरल्याशी मतलब."

गाव पाथर्डी तालुक्यातलं. वीस घरांतल्या लहान मुलांची वजनं घ्यायची होती. वजनं ठीक निघाली, तर अंगणवाडीतला जादा आहार बंद होणार होता. ही घरं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडतात. त्याला रँडम सॅम्पल म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा. फक्त शितं वरवरची उचलायची नाहीत.

समोरच्या ओट्यावरून एक मावशी म्हणाल्या, "कुलपाला काय इचारती बाई? ते न्हाई बोलत."

"कधी येतील ही माणसं?"

"पाडव्याला. माझा ल्योक, सून बी तकडंच हायेत. गावात आता म्हाताऱ्या आन् कुत्री. माझं घर लिव की! मी उघडीच हाय."

"तुमचं घर यादीत नाही, मावशी."

"यादीत बी न्हाई व्हय?" त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यांच्याच ओट्यावर डबा खाल्ला. लहान मुलं असलेली उघडी घरं कुणाची, ते तिथून दिसत होतं. ज्यांच्या विहिरीला पाणी, ती घरं उघडी. शेजारचं घर घेतलं असतं, तर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली मुलं हिशेबातूनच गेली असती.

नऊ घरांपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'बंद' लिहून अकराच फॉर्म दिले.

"अर्धवट रिपोर्ट वर कसा पाठवू?" साहेब चिडले.

"पाडव्यापर्यंत थांबा, सर. उरलेलं मी करते."

"गाडी मिळणार नाही."

"एसटी आहे."

पाडव्यानंतर दोन दिवस रजा टाकली आणि वजनकाटा मांडीवर घेऊन एकटीच गेले. अकरा घरांत कमी वजनाचं मूल एक होतं. या नऊ घरांत सात निघाली. जादा आहार चालू राहिला. ऑफिसात बरेच दिवस माझ्याशी कुणीच फारसं बोललं नाही.

याआधी दोन गावांत मीही बंद घराऐवजी शेजारचं घर घेतलं होतं. त्या फायली काढून पाहिल्या. आकडे नीटनेटके, वीसच्या वीस. कोणती घरं बदलली, ते लिहिलंच नव्हतं. त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना मी आधी भरते.