वयात येण्याचा खेळ

मानोरा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. शरीरातल्या बदलांचा धडा आला की मुलं खिदळायची, मुली गप्प व्हायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही तो भराभर वाचून मोकळी व्हायचे. एका वर्षी माझ्याच आठवीतली एक मुलगी पहिली पाळी आल्यावर तीन दिवस लपून रडली. आपल्याला मोठा आजार झालाय, असं तिला वाटलं होतं. तेव्हा ठरवलं, हे आता नीट शिकवायचं.

प्रशिक्षणात टॅबवरचा एक खेळ मिळाला होता. त्यातली मुलगी गावातून चालते आणि वाटेत प्रश्न येतात: पाळी, मुलांचा फुटणारा आवाज, कोणी नकोसा हात लावला तर काय करायचं. मुलामुलींना तो मी एकत्रच खेळायला दिला.

चौथ्या दिवशी एक आई भाजीच्या मळ्यातून तडक शाळेत आली. "बाई, काय शिकवून राह्यल्या तुमी माह्या पोरीले? बंद करा हा खेळ!"

मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, कायले वाद?"

"आधी तुमी खेळून पाहा," मी तिला म्हटलं. "मंग सांगा."

ती कशीबशी बसली. पाळीत पोट असह्य दुखलं तर? तिनं 'सहन करू'वर बोट ठेवलं. उत्तर चुकलं, दवाखान्यात जा, असं पडद्यावर आलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"लग्नाच्या आधीपासून दुखते मले," ती हळूच म्हणाली. "दवाखान्यात जाता येते, हे कोनं सांगतलंच नाई."

नकोशा हाताचा प्रश्न मात्र तिनं क्षणात सोडवला. मग म्हणाली, "पण हे बोलणं पुस्तकातलं हाय. वेदना, स्राव... पोरीयले समजन का?"

तिचं बरोबर होतं. खेळात प्रश्न वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या जागी आपला आवाज भरायची सोय होती.

"तुमचाच भरू," मी म्हटलं.

"माहा? लोक काय म्हणतीन?"

दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली. प्रयोगशाळेचं दार लावून आम्ही तिच्या बोलीत सात वाक्यं भरली. एक तर पाच वेळा, कारण तिला हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. तिचे उपचार सुरू झाले.

या खेळाला वेळापत्रकात तास द्यायला मुख्याध्यापक अजून तयार नाहीत. मी दर सोमवारी विचारते.