दाजींनी नेटचा डबा बदलला

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातलंही अर्धं वर्ष धाकट्या भावाला सांभाळण्यात गेलं. म्हणून आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं असेल, त्याची माफी असावी. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण वही आहे म्हणजे कधीतरी कुणाच्या हाताला लागणार, आणि लागली तर दाजी कसे आहेत ते नीट कळलं पाहिजे, कारण असा माणूस सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही. पलीकडं कोल्हापुरात असेल का, मला माहीत नाही. पण असता तर त्याचा आवाज इथपर्यंत आला असता.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. मूळचे वडूजकडचे. तिकडं पाऊस नाही म्हणून मिसरूड फुटायच्या आत माधवनगरला आले आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये लागले. चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. शेडमध्ये सगळे माग एकदम खडाखडा चालतात, तिथं माणसाला स्वतःची शिंकही ऐकू येत नाही. त्यात दाजींचे कान गेले आणि आवाज मात्र शेडमधला तसाच राहिला. आमच्याकडं येऊन त्यांनी चहा मागितला की पलीकडच्या आळीत आधण चढतं. पण शेडमधली माणसं ओठांवरनं बोलणं ओळखतात, आणि दाजी त्यात सगळ्यांचे गुरू. एसटी स्टँडच्या या टोकाला बसून त्या टोकाची नवराबायकोची भांडणं ते आम्हाला सांगतात. त्यांचा राग एकाच गोष्टीवर, तो म्हणजे मिशी. आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, मिशा ओठांवर पडतात, त्यामुळं तीस वर्षांत या दोघांचं एक वाक्य धड झालेलं नाही. "पडदा सारा की पावनं!" असं दाजी म्हणतात, आणि आमचे मालक पडद्याआडनं काय उत्तर देतात ते कुणालाच कळत नाही.

माझं उलटं आहे. मला कान आहेत, आवाज नाही. म्हणजे आहे, पण बाहेर येत नाही. बाजारात भाजीवाली मला तीनदा "काय?" म्हणून विचारते आणि शेवटी तिच्या मनाला येईल ते पिशवीत घालते. माझ्या लग्नात नाव घ्यायला सांगितलं, मी घेतलं, पण कुणाला ऐकूच आलं नाही. नवरी रुसली म्हणून बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात मांडवाच्या पार टोकाला बसलेले दाजी उभे राहून ओरडले, "घेतलंय तिनं नाव! लय चांगलं घेतलंय!" एवढ्या आयुष्यात माझं बोलणं एकदाही "काय?" न म्हणता ऐकणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो बहिरा.

कुठलंही यंत्र दिसलं की दाजी त्याच्यावर तळहात ठेवतात. आमच्या मिक्सरवर हात ठेवून "हिचं पोटात दुकतंया" म्हणाले आणि चौथ्या दिवशी मिक्सर जळाला. एकदा सांगलीहून येताना एसटीच्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, ही पोचत न्हाई. ड्रायव्हर हसला. आष्ट्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. दाजी खाली उतरले, हाताची घडी घातली आणि एक अक्षर न बोलता ड्रायव्हरकडं बघत राहिले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर त्या बिचाऱ्याला बरं वाटलं असतं.

तर आता नेटचं सांगते. आमचं गाव इस्लामपूरपासून दोन कोसांवर. सून पुण्याच्या एका कंपनीत कामाला. बाळंतपणाची रजा संपली तरी ती इथंच राहिली, मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर काम करायची, आणि नात दिवसभर माझ्या मांडीवर. पण तीन आठवडे नेट असं मंद झालं की मीटिंगमध्ये हिचं चित्र तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजायचं. नेटवाला दोनदा आला, दोन्ही वेळा दारातल्या पांढऱ्या डब्याचं बटण बंद-चालू केलं आणि "वरनंच प्रॉब्लेम हाय" म्हणून आभाळाकडं बोट दाखवून गेला. शेवटी हिच्या साहेबानं सांगितलं, सोमवारच्या मोठ्या मीटिंगमध्ये आवाज तुटला तर पुढच्या दिवसापासून पुण्याच्या ऑफिसात यायचं. गुरुवारी सुनेनं माळ्यावरनं बॅग काढली. मी काय म्हणाले? "तुझं तू बघ बाई, नोकरी महत्त्वाची." असंच म्हणायचं असतं.

त्याच दिवशी दाजी बेकरीतल्या बटरची पुडी घेऊन नातीला बघायला आले होते. सून बाळाची झबली बॅगेत भरत होती. मी दूध काढायला कपाटाकडं वळले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, जाऊ नको गं, बाळाला नेऊ नको. माझं मलाही ऐकू आलं नाही. पण दाजी समोर बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि शेडमधल्या आवाजात ओरडले, "वैनी म्हनत्यात जाऊ नको! बाळाला न्हेऊ नको!"

अख्ख्या आळीला कळलं. सून झबलं हातात घेऊन तशीच उभी.

"आई, तुम्ही तर म्हणालात, तुझं तू बघ!"

"त्ये वरनं म्हनल्या," दाजी म्हणाले, "ह्ये आतनं. आता मला सांग, नेट म्हंजे असतंय काय?"

तिनं सांगितलं, खांबावरनं केसासारखा काचेचा धागा येतो आणि त्यातनं उजेड धावतो. दाजी ताडकन उठले. "धागा हाय? मग तीन हप्तं गप बसलाय व्हय! आवं, हजारातला एक तुटका धागा हुडकायला चाळीस वर्सं पगार घेतलाय म्या!"

दाजींच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षाच. त्यांचा एकच कायदा, "एका टायमाला एकच खिळा." एक गोष्ट बदलायची, माग चालवून बघायचा, खडूनं लिहायचं, मगच दुसरी. दोन एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्यांनी खिशातला खडू काढला आणि माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर लिहिलं, 'मागची खोली, ३'. आमचा प्लॅन पन्नासचा, आणि सुनेच्या मोबाईलवर वेगाचा आकडा येत होता तीन. मग शिडी लावून धागा खांबापासून तपासला. कुठं मुरड नाही, पीळ नाही. धागा दारातल्या पांढऱ्या डब्यात शिरतो, तिथं हिरवा दिवा. तिथनं एक जाड वायर निघते. दाजी वायर धरून निघाले, मागोमाग सून, तिच्या कडेवर बाळ. वायर भिंतीवरनं माझ्या स्वयंपाकघरात आली, आणि सरळ जाळीच्या कपाटात शिरली.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडं बगॅसची, म्हणजे जळक्या चिपाडाची, काजळी पडते, अंगणात, वाळवणावर, सगळीकडं. त्यात घरभर वायफाय सोडणारा तो कंपनीचा काळा डबा कोमट असतो म्हणून मांजर त्याच्यावर झोपायचं. म्हणून मी तीन आठवड्यांमागं तो उचलून दुधाच्या लोखंडी जाळीच्या कपाटात ठेवला होता, वायर जाळीतनं आत घेऊन. काजळी नाही, मांजर नाही, आणि एक सांगते, त्याच्या शेजारी दही फार सुरेख लागायचं.

"हा इथं कुणी ठेवला?" सून म्हणाली.

तीन आठवडे. नातीला मीच घालवत होते की घरातनं! मी दाजींकडं बघून नुसते ओठ हलवले, म्या ठेवला. मला वाटलं, आता हे गावभर ओरडणार. दाजींनी माझ्याकडं बघितलं, टोपी मागं सारली आणि म्हणाले, "कुनी का ठेवंना. एका टायमाला एकच खिळा! चल, वायर जोड." त्यांच्या आयुष्यात न ओरडता गिळलेलं हे एकच वाक्य असावं.

डब्यातनं दुसरी वायर सरळ कॉम्प्युटरला लावली, तर आकडा आला अठ्ठेचाळीस! सून नाचायलाच लागली. "धागा वाघ हाय," दाजी म्हणाले, "माग बिगाडलाय." लोखंडी जाळी वायफाय अडवत होती, म्हणून डबा जाळीतनं बाहेर काढला. मागच्या खोलीत तीनाचे अठरा झाले. भिंतीवर खडूची रांग वाढत चालली आणि माझा जीव वरखाली. पण अर्ध्या तासात आकडा परत चारावर आला. दाजींनी डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "हिला ताप हाय. आतनं गेली ही." तापल्या दुधाच्या पातेल्याशेजारी तीन आठवडे काढल्यावर कोण टिकेल? डबा बदलायलाच हवा होता.

कनेक्शन माझ्या नावावर आहे, कारण मालकांच्या आधारकार्डावर नाव चुकलंय. म्हणून शनिवारी इस्लामपूरच्या ऑफिसात दाजींबरोबर मलाच जावं लागलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, कंपनीचा नवा डबा पंधरा दिवसांनी. स्वतःचा घेतला तर चालतो, पण तो चालवायला पासवर्ड लागतो आणि तो आम्ही देत नाही.

"सोमवारी पायजे," दाजी म्हणाले. रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

माणूस घाबरून आतल्या काचेच्या खोलीत गेला, दार लावलं आणि फोन फिरवला. देवाची कृपा, त्याला मिशी नव्हती. दाजी काचेकडं टक लावून उभे. मग एकदम माझ्याकडं वळले. "वैनी, ल्ह्या! एक ते आठ! सगळ्यांचा त्योच हाय म्हनं! मागितला तरी देऊ नगं, उंद्या समदीच आपापलं डबं आनतील, असं म्हंतुया!"

रांगेतल्या पंधरा-वीस लोकांनी पेनासाठी खिसे चाचपायला सुरुवात केली. एका गुरुजींनी माझ्याआधी लिहून घेतलं. माझा हात असा थरथरत होता की एक ते आठ आकडे चौथी पास बाईला लिहिता येईनात. हसू आवरत नव्हतं म्हणून थरथरत होता, ते मी आज पहिल्यांदा सांगते.

तिथल्याच दुकानात सुनेनं सांगून ठेवलेला नवा डबा घेतला, चार शेपट्यांचा. रविवारी दाजींनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नवा माग बसवताना फोडतात, मग ह्यानं काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं. सुनेनं पावतीवरचं नाव आणि तो पासवर्ड घातला, डबा मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवला, आणि मागच्या खोलीत आकडा आला सेहेचाळीस. दाजींनी तो भिंतीवर एवढा मोठा लिहिला की अजून पुसलेला नाही.

सोमवारी मीटिंग सव्वा तास चालली. दाजी काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, मला कुकर लावू दिला नाही. स्वतः सव्वा तास एक शब्द बोलले नाहीत, घाम मात्र निथळत होता. दार उघडलं, सून बाहेर आली आणि सरळ माझ्या गळ्यात पडली. एकदाही तुटलं नव्हतं. साहेब म्हणाला, राहा तिकडंच. दाजींनी काठी आपटून अशी काही आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. संध्याकाळी मी झबली परत घडी करून फळीवर लावली. ते काम मी मुद्दाम सावकाश केलं.

राहिली गोष्ट जुन्या डब्याची. त्याची अनामत पंधराशे रुपये. डबा जमा केला, ऑफिसवाले म्हणाले, आठ दिवसांत देतो. आठाचे कितीतरी आठ झाले. दाजी माझ्या सहीचा कागद घेऊन दर मंगळवारी माधवनगरहून एसटीनं यायचे आणि काचेसमोर नुसते उभे राहायचे. तिथली माणसं त्यांना बघितलं की तोंडावर फाइल धरून बोलायला लागली होती. मग दुपारी आमच्याकडं भाकरी खायची, कोण काय म्हणालं ते सांगायचं, आणि नातीला मांडीवर घेऊन तिच्या ओठांकडं बघत बसायचं. "दूद नगं म्हनती, वैनी! आंबा म्हनती!" तिला अजून बोलता येत नव्हतं. पण आंबा दिला की ती खायची, हे खरं.

नणंद जाऊन दोन वर्षं झाली. माधवनगरच्या त्या घरात दाजींना ज्याच्या ओठांकडं बघावं असं कुणी नाही. हे मला कळत होतं, म्हणून मंगळवारी मी दोन भाकरी जास्त थापायचे.

परवाच्या मंगळवारी ते आले ते हसतच. पाकीट माझ्या हातात दिलं. "फिटलं बगा, वैनी. आता हेलपाटा न्हाई." माझ्या मनात आलं, शंभर तरी कमी दिले असले तर बरं. मी दोनदा मोजले. जेवण झालं, दाजी चपला घालायला वाकले. मी म्हणाले, पुढच्या मंगळवारी या. पण मान खाली होती, त्यांना माझे ओठ दिसले नाहीत. एसटी गाठायची म्हणून ते तसेच गेले.

तिसऱ्यांदा मोजले. पुरते पंधराशे होते.